सीए ऑफिसात मुलाखतीला जाताय? मोंढ्यातल्या पट्टीपासून टूबीपर्यंत काय काय विचारतील

लातूरच्या एका सीए ऑफिसात मी बारा वर्षं काम करते. पहिली सहा-सात वर्षं एन्ट्र्या मारण्यात आणि रिटर्न भरण्यात गेली. आता नवीन माणूस घ्यायचा असला की मुलाखतीचा पहिला अर्धा भाग सर माझ्याकडे सोपवतात. औसा, चाकूर, निलंगा, अहमदपूर, कधी पार कंधारहून मुलं-मुली येतात. बी.कॉम. झालेलं असतं, टॅलीचं सर्टिफिकेट हातात असतं, आणि बसची धावपळ करून आल्यामुळे चेहरा उतरलेला असतो. त्यातल्या बऱ्याच जणांना काम येत असतं, पण आत काय विचारणार याचा अंदाज नसल्यामुळे तोंडातून शब्द फुटत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्हाला किती येतं, यापेक्षा तुम्ही स्वतःच्या हातानं काय केलंय आणि आकडा जुळला नाही तेव्हा काय केलंत, हे आम्ही बघतो. नियम शिकवता येतात. न जुळलेला आकडा 'सस्पेन्स'मध्ये, म्हणजे तात्पुरत्या खात्यात, टाकून घरी जाणारा माणूस मात्र सुधारायला फार वेळ लागतो.

जागा कुठली आहे ते आधी विचारा

सीए ऑफिसात साधारण दोन प्रकारांनी लोक लागतात. एक आर्टिकल, म्हणजे सीए करणारा विद्यार्थी. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली, आणि इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय ती सुरू करता येत नाही. आर्टिकलच्या मुलाखतीत सर मुख्यतः दोन गोष्टी चाचपतात: अभ्यासाची रजा कधी मागणार, आणि मध्येच पुण्या-मुंबईच्या फर्मकडे बदली मागणार का. तिथं तुम्हीही उलट विचारा की ऑडिट, प्राप्तिकर, जीएसटी या तिन्हींचं काम मिळेल का. दोन वर्षं नुसती बँकेची स्टेटमेंटं टॅलीत चढवण्यात गेली, तर फायनलच्या परीक्षेला त्याचा काही उपयोग होत नाही.

दुसरा प्रकार पगारी असिस्टंट किंवा अकाउंटंट. बी.कॉम., एम.कॉम. झालेले बहुतेक जण यात येतात, आणि पुढचं सगळं मी यांनाच डोळ्यासमोर ठेवून लिहितेय.

फोन कधी करायचा, जायचं कधी

आमच्या ऑफिसचं कॅलेंडर तारखांवर चालतं. ७ तारखेला टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला प्राप्तिकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० ला थ्रीबी (महिन्याच्या जीएसटीचं रिटर्न). या तारखांच्या आदल्या दिवशी कुणी फोन करून "सर, जागा आहे का?" विचारलं, तर उत्तर तुटक येणारच. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची घाई असते, ऑक्टोबरमध्ये ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची, आणि एप्रिलच्या सुरुवातीला सर बँक ऑडिटला गावोगावच्या शाखांमध्ये फिरत असतात. महिन्याच्या २२-२३ तारखेनंतर चार-पाच दिवस श्वास घ्यायला मिळतो. त्या दिवसांत फोन करा.

फोनवर नाव, गाव, शिक्षण आणि आतापर्यंत काय काम केलंय हे चार वाक्यांत सांगा. "टॅली, जीएसटी, टीडीएस सगळं येतं" असं म्हणू नका. "मोंढ्यात एका आडत दुकानाचं वर्षभर टॅली केलंय, जीएसटीआर-१ चा डेटा मी काढून द्यायचे, पण पोर्टलवर रिटर्न स्वतः भरलेलं नाही," असं सांगणाऱ्या मुलीला मी त्याच दिवशी बोलावलं होतं. आडतीत काम केलेल्या माणसाला हमाली, तोलाई, दलाली, बारदाना हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आमचे निम्मे क्लायंट त्याच शेतमालाच्या बाजारातले आहेत.

सोबत काय न्यायचं

बायोडाटा एका पानाचा पुरे. तीन पानं कुणी वाचत नाही. मार्कशीटच्या झेरॉक्स, आधार, पॅन, आधीच्या नोकरीचं पत्र असेल तर ते. मूळ कागद दाखवायला न्या, पण तिथं ठेवून येऊ नका, याबद्दल शेवटी लिहिलंय. एक निळा पेन, एक पेन्सिल आणि साधं कॅल्क्युलेटर बरोबर असू द्या. मोबाईल काढून बेरीज करणारा उमेदवार परीक्षकाला खटकतो. बोर्डाच्या परीक्षेचा धाक त्यामागे नसतो, तर क्लायंटसमोर बसून फोन चाळायची सवय आम्हाला नको असते.

कपडे साधे, इस्त्री केलेले. उन्हाळ्यात लांबून येत असाल तर अर्धा तास आधी पोहोचून खाली चहाच्या टपरीवर बसा, घाम वाळू द्या, मग वर जा.

कागदावरची परीक्षा

बऱ्याच ऑफिसात आधी एक कागद देतात. पाऊण तास, आठ-दहा प्रश्न. जमा-नावेचे नियम, दोन-तीन नोंदी, घसारा, एखादं तेरीजपत्रक (ट्रायल बॅलन्स), आणि हमखास बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपलं कॅशबुक बँकेच्या पासबुकाशी जुळवणं. आमच्याकडचा रिकोचा प्रश्न असा असतो:

तुमच्या कॅशबुकप्रमाणे बँकेत १,८४,५०० रुपये शिल्लक आहेत. तुम्ही दिलेला ३२,००० चा चेक अजून वटला नाही. तुम्ही भरलेला १५,००० चा चेक बँकेनं अजून जमा केला नाही. बँकेनं ५९० रुपये चार्जेस कापलेत, पण तुमच्या पुस्तकात ते नाहीत. पासबुकात किती शिल्लक दिसेल?

उत्तर २,००,९१०. एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशेमध्ये ३२,००० मिळवायचे, १५,००० आणि ५९० वजा करायचे. हे जवळपास सगळ्यांना येतं. मी त्यापुढे विचारते, "मग आता पुस्तकात कुठली नोंद करायची?" इथं माणूस कळतो. चेकच्या नोंदी करायच्या नसतात, त्या आधीच झालेल्या आहेत, फक्त बँकेकडे पोहोचायच्या आहेत. नोंद करायची ती ५९० ची. मागच्या वर्षी औशाची एक मुलगी आली होती. तिनं ५९० ची एक नोंद लिहिली, थांबली, खोडली आणि दोन ओळी लिहिल्या: बँक चार्जेस ५००, जीएसटी ९०. वर म्हणाली, "मॅडम, क्लायंट जीएसटीत असंल तर नव्वदचं क्रेडिट भेटतंय ना, मग खर्चात कशाला टाकायचं?" खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्याच्या जीएसटीतून वजा करता येतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात. त्या मुलीला टीडीएसचे दर पाठ नव्हते. तरी तिला घेतली. आज ती आमच्याकडे बारा क्लायंटची जीएसटी एकटी सांभाळते.

दुसरा नेहमीचा प्रश्न टीडीएसच्या नोंदीचा. एका कंपनीला सीएनं ६०,००० फीचं बिल दिलं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ७०,८०० चं. टीडीएस किती? जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस फक्त फीवर कापायचा, म्हणून १० टक्क्यांनी ६,०००. सीएला द्यायचे ६४,८००. पुष्कळ जण ७०,८०० वर टक्केवारी काढून ७,०८० लिहितात. घरी बसून ही एक नोंद दहा वेळा लिहून बघा: फी नावे ६०,०००, सीजीएसटी नावे ५,४००, एसजीएसटी नावे ५,४००, टीडीएस देणे जमा ६,०००, सीएचं खातं जमा ६४,८००. दोन्ही बाजू ७०,८०० झाल्या पाहिजेत.

कलमांबद्दल एक सावधगिरी. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू आहे. १९४सी (कंत्राटावरचा टीडीएस), १९४जे (फीवरचा टीडीएस) हे आपल्या तोंडात बसलेले आकडे जुन्या कायद्याचे. नव्यात पगार सोडून बाकीचा टीडीएस कलम ३९३ खाली एकत्र आणलाय आणि 'असेसमेंट इयर'ऐवजी 'टॅक्स इयर' हा शब्द आलाय. ऑफिसात अजूनही सगळे जुनेच आकडे बोलतात, त्यामुळे तुम्ही जुना आकडा सांगितला तर चालेल. पण "नव्या कायद्यात हे ३९३ मध्ये गेलंय" एवढं जोडलंत, तर तुम्ही चालू वाचन ठेवता हे समोरच्याला दिसतं.

तेरीज जुळली नाही तर घाबरून कागद कोरा देऊ नका. फरक काढा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर बहुतेक वेळा कुठंतरी आकडे उलटे पडलेले असतात. ४,६८० च्या जागी ४,८६० लिहिलं की फरक येतो १८०. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला बसलीय का, ते बघा. उत्तर नाही सापडलं, तरी शोधल्याच्या या खुणा कागदावर राहू द्या. मी त्या वाचते, आणि त्याचे गुण देते.

कॉम्प्युटरसमोर बसवल्यावर

यात टॅली आणि एक्सेल. टॅलीत कंपनी उघडून देतात आणि चार-पाच बिलं हातात देतात. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस, या कळा बोटांत असाव्यात. वेगापेक्षा आम्ही एक गोष्ट बारकाईनं बघतो: नवं लेजर (खातं) उघडताना तुम्ही ते कुठल्या ग्रुपखाली ठेवता. मोटारसायकल 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्ये गेली की समजतं, कोर्स झालाय पण ताळेबंद डोळ्यापुढे नाही. बिल टाकताना तारीख बिलाची घ्या, आजची नको, आणि परराज्यातलं बिल असेल तर आयजीएसटी लागतोय का ते तपासा. आमच्या ढिगात एक बिल मुद्दाम बिदरच्या दुकानाचं ठेवलेलं असतं. उदगीरहून बिदर हाकेच्या अंतरावर, पण राज्य कर्नाटक.

एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल एवढं चांगलं येत असेल तर पुष्कळ झालं. कारण खरं काम असतं टूबी जुळवायचं. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-टूबी येतो, आपल्या पुरवठादारांनी दाखवलेली बिलं त्यात असतात. आपल्या खरेदीच्या यादीशी तो जुळवायचा आणि न जुळलेली बिलं वेगळी काढायची. मुलाखतीत पन्नास-साठ ओळींच्या दोन याद्या देऊन हेच करायला सांगतात. बिल नंबरवर व्हीलुकअप लावला आणि निम्मी बिलं 'सापडत नाही' आली, तर गोंधळू नका. एका यादीत '०४५' असतं, दुसरीत '४५', तिसरीकडे 'जीएसटी/४५'. अशा वेळी जीएसटी नंबर आणि रक्कम जोडून जुळवा. हे ज्याला मुलाखतीत सुचतं, त्यानं कुठंतरी खरं काम केलेलं असतं, हे मला दुसऱ्या पुराव्याशिवाय पटतं.

आपल्या भागातल्या धंद्याचे प्रश्न

पुण्याच्या फर्मच्या मुलाखतीची तयारी यूट्यूबवर सापडते, ही सापडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्या गावात मुलाखत आहे, तिथले क्लायंट कोण असतील याचा आदल्या दिवशी विचार करा.

लातूरला डाळ मिल आणि सोयाबीन. डाळीचा प्रश्न असा येतो: जीएसटी लागतो का? १८ जुलै २०२२ पासून, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर ५ टक्के. ५० किलोच्या पोत्यावर नाही. म्हणजे एकाच मिलचा काही माल करपात्र आणि काही करमुक्त, आणि मग खरेदीचं क्रेडिट सगळं घेता येत नाही, त्याची वाटणी करावी लागते. एवढं बोललात तरी सर मान वर करून बघतील.

परभणी, नांदेड, सेलू, मानवत या बाजूला जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं. तिथला प्रश्न: शेतकऱ्याकडून १० लाखांचा कापूस घेतला, जीएसटी कोण भरणार? जिनिंगवाला, रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं कर भरायचा. ५ टक्क्यांनी ५०,०००. ते क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत, रोखीनंच भरावे लागतात. भरल्यावर मात्र त्याचं क्रेडिट मिळतं.

जालन्यात स्टील आणि बियाणं. स्टीलवाल्यांकडे भंगार येतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं तर कर खरेदीदारानं भरायचा. पेरणीचं बियाणं करमुक्त, पण तेच सोयाबीन तेलासाठी गेलं तर ५ टक्के.

संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे युनिट जास्त. तिथं जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर करून दिलेलं काम), ई-इनव्हॉइस (पोर्टलवर नोंदवलेलं बिल), ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) विचारतात. ई-इनव्हॉइसची मर्यादा ५ कोटींच्या उलाढालीची. ई-वे बिल परराज्यात ५०,००० च्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर.

आणि सगळीकडे विचारला जाणारा रोखीचा प्रश्न. धंद्यात एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकरात धरत नाहीत. मग मोंढ्यात शेतकऱ्याला लाख रुपये रोख दिले त्याचं काय? शेतमालाचे पैसे थेट पिकवणाऱ्याला दिले असतील तर ही अट लागत नाही. पण ती पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती), त्यावरचं शेतकऱ्याचं नाव-गाव आणि सही हे सगळं फाइलला असलं पाहिजे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला ही सूट नाही.

हे सगळं पाठ करून जायची गरज नाही. त्या जिल्ह्यातल्या दोन धंद्यांचं नीट समजून घ्या.

सरांसमोर

इथं हिशोबाचे प्रश्न कमी होतात आणि तुमच्याबद्दलचे वाढतात. सर बहुतेक वेळा मधूनच फोन उचलतात, क्लायंट दारात येऊन उभा राहतो. त्याचा अपमान वाटून घेऊ नका, रोजचं ऑफिस असंच असतं.

"आधीची नोकरी का सोडली?" याला खरं पण मोजकं उत्तर द्या. पगार वेळेवर होत नव्हता, शिकायला मिळत नव्हतं, गाव लांब पडत होतं, ही सगळी योग्य कारणं आहेत. जुन्या मालकाच्या धंद्यातल्या गोष्टी मात्र उघड करू नका. एक मुलगा आम्हाला खूश करायला सांगत बसला की आधीच्या ऑफिसात कुठल्या क्लायंटची विक्री किती लपवली जायची. हुशार होता, नोंदी बरोबर होत्या, पण त्याला घेतलं नाही. क्लायंटचे पोर्टलचे पासवर्ड, डिजिटल सही, बँकेची स्टेटमेंटं आमच्या कपाटात असतात. इकडचं तिकडे सांगणाऱ्याच्या हाती कपाटाची किल्ली कशी देणार?

"क्लायंट म्हणाला, एवढं बिल मागच्या तारखेला टाका, तर काय कराल?" हा प्रश्न हल्ली बरेच सर विचारतात. "सरांना विचारीन, मी स्वतःहून टाकणार नाही," एवढं सरळ सांगा.

मुलींना लग्नाबद्दल विचारतात. मला हा प्रश्न आवडत नाही आणि आमच्या ऑफिसात मी तो बंद करवलाय. तुम्हाला कुणी विचारलाच तर खासगी माहिती द्यायला तुम्ही बांधील नाही. "सर, मी किमान दोन वर्षं थांबायच्या तयारीनं आलेय," म्हणा आणि विषय कामावर आणा. सप्टेंबरमध्ये रात्री उशीर होतो, हे मात्र खरं. शेवटची बस किती वाजता आहे हे स्वतः सांगा आणि त्या दिवसांत काय व्यवस्था असते ते विचारा. हे विचारल्यानं कुणी नापास करत नाही.

न येणारा प्रश्न आला तर "हे मला माहीत नाही, पण पोर्टलवर कुठं बघायचं ते माहीत आहे" असं म्हणता येतं, अर्थात ते खरं असेल तर. मी लगेच म्हणते, "दाखव."

पगार, ट्रायल आणि मूळ कागद

पगाराचं बोलणं शेवटी येतं, आणि आपली लेकरं इथं "तुम्ही द्याल ते" म्हणून मोकळी होतात. तसं म्हणू नका. जाण्याआधी त्याच शहरात काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारून आकडा मनाशी पक्का करा आणि तो स्पष्ट सांगा. खोलीचं भाडं, मेस, बसचा पास यांचा हिशोब घरून करून जा. आकड्यासोबत आणखी विचारायचं: पगार कुठल्या तारखेला, रविवारी सुट्टी असते का, क्लायंटकडे गेलं तर पेट्रोल वा बसभाडं कोण देणार, आणि पगार कधी वाढणार. अनुभवाचं पत्र सोडताना मिळतं का, हेही विचारा.

"आठ-पंधरा दिवस येऊन बघा, मग ठरवू," असं पुष्कळ ठिकाणी म्हणतात. एक-दोन दिवस काम बघणं ठीक आहे. त्यापुढे दिवसाचे पैसे ठरवूनच बसा.

आता मूळ कागदांबद्दल. माझ्या पहिल्या नोकरीत, लातूरबाहेरच्या एका ऑफिसात, "हमी म्हणून" माझं पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि मार्कशीट ठेवून घेतली. मी विश्वासानं दिली. पाच महिन्यांनी आई आजारी पडली, नोकरी सोडावी लागली, तर कागद परत मिळेनात. "बदली माणूस दे, मग ने." त्या काळात बँकेच्या एका जागेसाठी मला कागद पडताळणीला जाता आलं नाही. वडील तीन वेळा बस करून गेले, तेव्हा आठव्या महिन्यात कागद हाती आले. म्हणून सांगते, मूळ कागद कुणालाही ठेवायला देऊ नका. झेरॉक्सवर सही करून द्या, मूळ समोर दाखवा आणि तिथल्या तिथं परत पिशवीत घाला. अमुक वर्षं सोडणार नाही असं लिहून मागत असतील, तर तो कागद घरी आणून वाचा, कुणाला तरी दाखवा, मग सही करा.

निवड झाली की नाही हे बहुतेक ठिकाणी स्वतःहून कळवत नाहीत. चार दिवसांनी एक फोन करा. सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान, २० तारीख सोडून. नाही म्हणाले तर कुठं कमी पडलं ते विचारा. पानगावच्या एका मुलानं मला असं विचारलं होतं. मी सांगितलं, टूबी जुळवता आला नाही. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा पेन ड्राइव्हवर स्वतः जुळवलेल्या तीन याद्या घेऊन आला होता, मामाच्या खताच्या दुकानाच्या.